नाजुक त्वचेची नित्याची निगा



त्वचेच्या निगेवर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. हा विषय तरुण मुलींचा, फार तर प्रसाधनें विकणाऱ्या दुकानदाराचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु तोंड धुतल्याबरोबर ज्याचे गाल चुरचुरूं लागतात, दाढी केल्यावर ज्याची हनुवटी तासभर लाल राहते, किंवा मार्गशीर्षाची थंडी पडतांच भांडीं घांसून जिच्या हातांना भेगा पडतात, त्या माणसाला हा विषय शृंगाराचा वाटत नाहीं. तो रोजच्या सुखदुःखाचा वाटतो. शिवाय वर्गांत उभें आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोळ्यांना एक गोष्ट नेमकी दिसते. ज्या मुलाच्या तोंडावर चट्टे उठले आहेत तो मुलगा कोणी न सांगतां पहिल्या बांकावरून शेवटच्या बांकावर जाऊन बसतो.

मला जें सांगावयाचें आहे त्याचें सार आरंभींच सांगून टाकतों. नाजुक त्वचेला पुष्कळ उपचार नकोत, थोडे हवेत. पण जे थोडे आहेत ते नेमानें आणि ठराविक क्रमानें व्हावयास हवेत. बाजारांत आज सात-सात, दहा-दहा बाटल्यांचे विधि सांगितले जातात. नाजुक त्वचेचें काम तीन गोष्टींत भागतें: सौम्य रीतीनें धुणें, स्निग्ध लेप लावणें आणि उन्हापासून जपणें. बाकीचा बराचसा भाग काय करावें याचा नसून काय करूं नये याचा आहे.

प्रथम नाजुक त्वचा कशाला म्हणावें तें पाहूं. २०१७ सालीं या विषयाच्या अभ्यासकांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें तिची व्याख्या केली. तिचा आशय असा कीं, ज्या गोष्टींनीं एरव्हीं कांहींच होऊं नये अशा गोष्टींनीं जिला चुरचुर, आग, खाज, टोंचणी किंवा वेदना होते ती संवेदनशील त्वचा. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, वरून कांहीं दिसलेंच पाहिजे असें नाहीं. त्वचा लाल असेल किंवा अगदीं नितळही असेल. तेव्हां घरांतील एखादी मुलगी “हा साबण मला झोंबतो” असें म्हणाली, तर “नखरे करूं नकोस” असें तिला म्हणूं नये. तिची तक्रार खरी असूं शकते.

असें कां होतें? आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींच्या पंधरा-वीस पापुद्र्यांचा असतो. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्श्याइतकीच भरते. एवढ्याशा पडद्यावर आंतलें पाणी आंत राखण्याची आणि बाहेरचा उपद्रव बाहेर थोपविण्याची दुहेरी जबाबदारी आहे. अमेरिकन संशोधक पीटर इलायस यांनीं या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती आतां सर्वत्र रूढ झाली आहे. पेशी या विटा. आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लें यांचें स्निग्ध मिश्रण हा त्यांच्यामधला चुना. चुना झडला कीं भिंत गळते. आंतलें पाणी उडून जातें, त्वचा कोरडी पडते, आणि साबण, घाम, धूळ यांना आंतल्या मज्जातंतूंपर्यंत वाट मिळते. नाजुक त्वचेच्या पुष्कळ तक्रारींचें मूळ या झडलेल्या चुन्यांत आहे. कांहीं लोकांची भिंत जन्मतःच पातळ असते. पण कित्येकांची भिंत धड असून ती त्यांनीं घांसून-घांसून पातळ केलेली असते.

या भिंतीची आणखी एक खुबी आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आंबट, म्हणजे अम्लधर्मी असतो. हाइनरिख शादे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९२८ सालीं या गुणाला ‘आम्ल आवरण’ अशा अर्थाचें नांव दिलें. अम्लता मोजण्याचें माप म्हणजे पीएच. शुद्ध पाण्याचा पीएच ७. त्याखालीं अम्ल, त्यावर अल्क. त्वचेचा पीएच सामान्यतः ५ च्या आसपास असतो आणि नेहमींच्या साबणाचा ९ ते १० च्या घरांत. हा फरक चार-पांच अंकांचा म्हणून क्षुल्लक समजूं नये. या मापांत प्रत्येक अंक दसपटीचा असतो. चुना तयार करणारीं त्वचेंतील द्रव्यें या आंबटपणांतच नीट काम करतात. निरोगी त्वचा साबणानें धुतल्यावर कांहीं तासांत पूर्वपदावर येते. नाजुक त्वचेला वेळ अधिक लागतो, आणि ती सांवरते न सांवरते तोंच आपण पुन्हां तोंडाला साबण लावतों.

म्हणून धुण्याचा नियम असा कीं, चेहऱ्याला साबण किंवा फेसवॉश दिवसांतून एकदां, रात्रीं, पुरे. सकाळीं नुसतें कोमट पाणी पुष्कळांना चालतें. स्नानाचें पाणीही कोमटच असावें. कढत पाणी अंगावर घेतांना खाज शमल्यासारखी वाटते हें खरें, पण तें पाणी तोच स्निग्ध चुना विरघळवून नेतें आणि तासाभरानें खाज दुप्पट होऊन परत येते. स्नान पांच-दहा मिनिटांत आटोपावें. साबण सर्वांगाला फांसण्याची गरज नाहीं. कांखा, जांघा, पावलें आणि जेथें मळ लागला असेल तेवढे भाग पुरेत. माझ्यासारख्या साठी उलटलेल्यांनीं तर हें अवश्य पाळावें, कारण वयाबरोबर त्वचेंतील तेल आपोआप आटत जातें.

साबण निवडतांना वेष्टनावर ‘टीएफएम’ अशीं अक्षरें व पुढें टक्केवारी छापलेली दिसते. साबणांतील एकूण स्निग्ध द्रव्याचें तें प्रमाण होय. भारतीय मानकाप्रमाणें पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणांत तें किमान ७६, दुसऱ्या प्रतींत ७० आणि तिसऱ्या प्रतींत ६० टक्के असावें लागतें. ज्या वड्यांवर ‘बाथिंग बार’ असें लिहिलेलें असतें त्यांचें मानक वेगळें असून त्यांना ४० टक्केही चालतात. आंकडा मोठा असला म्हणजे साबणांत भरताड कमी, एवढेंच त्यावरून कळतें. साबण सौम्य आहे असें त्यावरून ठरत नाहीं. पहिल्या प्रतीचा साबण झाला तरी तो अल्कधर्मीच असतो. ज्यांना कोणताच साबण सोसत नाहीं त्यांनीं ‘सिंडेट’ जातीची वडी किंवा फेंस न होणारा द्रव क्लीन्झर घ्यावा. हे प्रकार साबण नसून त्यांचा पीएच त्वचेच्या जवळपास ठेवतां येतो. ज्यांच्या घरीं विहिरीचें किंवा बोअरचें जड पाणी येतें त्यांना हा फरक विशेष जाणवेल. जड पाण्यांत साबणाचा सांका धरतो आणि बादलीच्या कडेला बसतो तसा तो अंगावरही बसतो.

अंग पुसतांना टॉवेल टिपावा, रगडूं नये. आणि येथें दुसरें पाऊल येतें. त्वचा किंचित् ओलसर आहे तोंच, म्हणजे टिपल्यापासून दोन-तीन मिनिटांच्या आंत, स्निग्ध लेप लावावा. बाजारांत याला मॉइश्चरायझर म्हणतात. नांवें हजार असलीं तरी त्यांतील द्रव्यें तीन कामें करतात. कांहीं पाणी धरून ठेवतात. त्यांत ग्लिसरीन मुख्य. स्वीडनमधील रसायनज्ञ शीले यांनीं तें १७७९ सालीं प्रथम वेगळें केलें. कांहीं विटांमधल्या फटी बुजवून स्पर्श मऊ करतात. आणि कांहीं वरून झांकण घालून पाणी उडूं देत नाहींत. या झांकणांत श्रेष्ठ म्हणजे आपलें जुनें व्हॅसलीन. रॉबर्ट चेझब्रो यांनीं १८७२ सालीं अमेरिकेंत त्याचें पेटंट घेतलें, आणि आजही पाणी उडणें थोपविण्यांत त्याला मागें टाकील असें द्रव्य क्वचितच आढळतें. चांगल्या लेपाला मोठें मोल पडलेंच पाहिजे असें नाहीं, हें मध्यम स्थितींतील कुटुंबांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावें. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत पातळ लोशन बरें. देशावर आणि विदर्भांत हिवाळ्यांत जाड क्रीम किंवा व्हॅसलीनच लागतें. पायांच्या नडग्या, कोपरें आणि हातांचे तळवे यांना रात्रीं व्हॅसलीन लावून निजावें.

किती लावावें, याचेंही एक सोपें माप आहे. तर्जनीच्या टोंकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जी रेघ निघते ती सुमारें अर्धा ग्रॅम भरते आणि तेवढी आपल्या दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते. चेहरा व मान यांना अशा दोन-अडीच रेघा लागतात.

तेलांविषयीं विचाराल तर सर्व तेलें सारखीं नाहींत. खोबरेल कोरड्या अंगाला पुष्कळांना मानवतें. मात्र ज्यांच्या तोंडावर मुरुमें येतात त्यांनीं तें चेहऱ्यावर लावूं नये. ऑलिव्ह तेलाची महती हल्लीं फार गायिली जाते. परंतु २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडांतील शेफील्ड येथील एका प्रयोगांत ऑलिव्ह तेलानें त्वचेची भिंत दुबळी झाली आणि सूर्यफुलाच्या तेलानें ती शाबूत राहिली, असें आढळलें.

तिसरें पाऊल उन्हाचें. छत्री, पदर, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हीं साधनें सर्वांत निरुपद्रवी होत. त्यांनीं कोणाला पुरळ उठत नाहीं. उघड्या राहणाऱ्या भागांसाठीं सनस्क्रीन घ्यावें. त्यावरील ‘एसपीएफ ३०’ याचा अर्थ असा कीं, तें पुरेसें जाड लावल्यास त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकीं सुमारें ९७ टक्के अडतात. ५० आंकड्याचें घेतलें तर ९८ टक्के अडतात. म्हणजे मोठ्या आंकड्यासाठीं जादा पैसे मोजण्यापेक्षां आहे तेंच पुरेसें लावणें व दर दोन तासांनीं पुन्हां लावणें शहाणपणाचें. नाजुक त्वचेला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायॉक्साइड असलेलें सनस्क्रीन सहसा कमी झोंबतें. खिडकीच्या साध्या कांचेंतून अतिनील किरणांचा एक प्रकार बराचसा आंत येतो, हेंही खिडकीशीं बसून काम करणाऱ्यांनीं विसरूं नये.

आतां वर्ज्य गोष्टींकडे वळूं. लिंबू चोळणें प्रथम बंद करावें. त्याच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. शिवाय लिंबूवर्गी फळांत अशीं द्रव्यें असतात कीं, तीं अंगावर असतांना ऊन लागलें तर त्वचा भाजून फोड येतात आणि मागें काळे डाग राहतात. खाण्याच्या सोड्याचा दोष उलटा, तो अल्कधर्मी. वज्री टांचांसाठीं ठीक. ती हातापायांवर रगडूं नये, आणि चेहऱ्याला खरखरीत कांहींच लावूं नये. दिवाळीच्या पहाटेचें उटणें सोडा असें मी म्हणणार नाहीं. त्यांत परंपरा आहे आणि आनंदही आहे. पण नागरमोथा, कचोरा, गव्हला हीं सुगंधी द्रव्यें कोणाकोणाला सोसत नाहींत. अशा मुलाच्या अंगाला तेल लावावें, उटण्याचें बोट शकुनापुरतें हाताला लावावें आणि पाणी घालावें. पुरुषांनीं दाढी स्नानानंतर, केंस मऊ झाल्यावर, ते ज्या दिशेनें वाढतात त्या दिशेनेंच करावी, आणि नंतर स्पिरिटाचें सुगंधी पाणी चोपडूं नये. भगिनींनीं कपाळाकडे लक्ष द्यावें. टिकलीच्या गोंदांतील कांहीं रसायनांमुळें टिकलीखालीं खाज येते आणि क्वचित् त्या जागीं पांढरा डागही पडतो. असें चिन्ह दिसतांच ती टिकली त्याच दिवशीं सोडावी.

वेष्टनावरील स्तुतीला भुलूं नये. ‘हायपोअलर्जेनिक’ म्हणजे वावडें न येणारें, असा शब्द पुष्कळ डब्यांवर असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९७५ सालीं या शब्दाला नियमानें बांधून घेण्याचा प्रयत्न केला. दोन प्रसाधन कंपन्या न्यायालयांत गेल्या, आणि १९७७ सालीं तो नियम रद्द झाला. तेव्हांपासून तिकडे त्या शब्दाला सरकारी कसोटी नाहीं. ‘नैसर्गिक’ या शब्दाचीही तीच गत. बिब्बासुद्धां नैसर्गिकच आहे. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास न येणारें. पण मूळ वास दाबण्यासाठीं त्यांत दुसरा सुगंध घातलेला असूं शकतो. आपल्याला हवें तें ‘फ्रॅग्रन्स-फ्री’, म्हणजे सुगंधच न घातलेलें. मागील बाजूस बारीक अक्षरांत घटकद्रव्यांची यादी असते; ती चष्मा लावून वाचावी, आणि ती जितकी आंखूड तितकी बरी.

नवी वस्तु घरांत आली कीं तिची परीक्षा घ्यावी. कोंपराच्या आंतील बाजूस रुपयाएवढ्या जागेवर ती दिवसांतून दोनदां, सात ते दहा दिवस लावावी. लाली, खाज, पुरळ कांहीं न आलें तरच ती चेहऱ्याला लावावी. एका वेळीं एकच नवी वस्तु घ्यावी. तीन एकदम आणल्या तर अपराधी कोण तें कळत नाहीं. कित्येक जण म्हणतात, “हा साबण मी दहा वर्षें वापरतों आहें, मग आतांच कसा बाधेल?” याचें उत्तर असें कीं, बाधा दोन जातींची असते. एक नुसती झोंबण्याची. ती बहुधा लावल्याबरोबर कळते. दुसरी वावड्याची, तिला आधीं परिचय व्हावा लागतो, आणि तो परिचय कधीं कधीं वर्षानुवर्षांचा असतो. केंसांचा कलप हें तिचें नेहमींचें उदाहरण.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं मी हा विषय मुख्यतः निवडला तिच्याकडे येतों. माझ्या नात्यांतील एका मुलीचें लग्न ठरलें. रंग थोडा उजळावा म्हणून कोणाच्या तरी सल्ल्यानें तिनें एका दुकानांतून क्रीमची डबी आणली. पंधरा दिवसांत चेहरा खरोखर तुकतुकीत आणि गोरा दिसूं लागला. घरांत सर्वांना आनंद झाला. लग्नानंतर तिनें क्रीम थांबविलें, आणि चौथ्या दिवशीं चेहरा निखाऱ्यासारखा लाल झाला. पुन्हां लावलें कीं शांत. सोडलें कीं आग. असें वर्ष गेलें. गालांवर बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें दिसूं लागलें, हनुवटीवर लव वाढली, आणि ती मुलगी माणसांत येईनाशी झाली. त्वचारोगतज्ज्ञांनीं डबी पाहिली तेव्हां उलगडा झाला: त्यांत तीव्र स्टेरॉइड होतें. तिचा चेहरा पूर्ववत् व्हावयास सात महिने लागले.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन हीं त्या जातीचीं नांवें होत. वैद्याच्या हातीं तीं मौल्यवान औषधें आहेत. इसबासारख्या रोगांत त्यांच्यावांचून भागत नाहीं. परंतु प्रसाधन म्हणून महिनोन् महिने चेहऱ्याला लावलीं तर तीं त्वचा पातळ करतात आणि तिला आपली गुलाम करून सोडतात. २०१८ सालीं भारत सरकारनें अशीं अनेक मलमें वैद्याच्या चिठ्ठीवांचून न देण्याच्या वर्गांत घातलीं. तथापि कायदा कागदावर असतो आणि डबी हातांत. गोरेपणाच्या कांहीं क्रीममध्यें पाराही सांपडला आहे. केरळांतील डॉक्टरांनीं २०२३ सालीं अशीं क्रीमें वापरणाऱ्या रोग्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचें दाखवून दिलें. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचें नांव-पत्ता नाहीं, घटकद्रव्यांची यादी नाहीं, आणि जी आठ-पंधरा दिवसांत गोरें करण्याचें वचन देते, ती डबी घरांत आणूं नये. अशी वस्तु वापरीत असाल तर मनानें एकदम बंदही करूं नका. ती डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणें सोडवणूक करून घ्या. आणि आईबापांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, सांवळा रंग हा रोग नव्हे. जो रोग नाहीं त्यावर औषध शोधूं लागल्यामुळेंच निरोगी मुली रोगी झाल्या आहेत.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर हा नित्यक्रम टिपून घ्यावा. सकाळीं कोमट पाणी, मग ओलसर त्वचेवर मॉइश्चरायझर, बाहेर पडण्यापूर्वीं सनस्क्रीन. रात्रीं सौम्य क्लीन्झर, पुन्हां मॉइश्चरायझर, आणि झोंप. भांडीं घांसतांना हातमोजे, काम संपल्यावर हातांना लेप. हा क्रम चार-सहा आठवडे न बदलतां चालवावा. कारण त्वचेचा वरचा थर नवा होण्यास साधारण महिना लागतो, आणि आठवड्याला साबण बदलणाऱ्याला कोणत्याच साबणाचा गुण-दोष कळत नाहीं. इतकें करूनही त्वचा लाल राहिली, पाणी सुटलें, फोड आले, किंवा खाजेनें रात्रीं झोंप लागेनाशी झाली, तर घरगुती उपाय थांबवून वैद्य गांठावा. घरांतील दोघां-तिघांना रात्रीं एकदम खाज सुटूं लागली तर ती नाजुक त्वचा नसून बहुधा खरूज असते. कांहीं लावल्यावर ओंठ-पापण्या सुजल्या किंवा श्वास कोंडूं लागला, तर क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालयांत जावें.

आपण मुलांना दांत घांसावयास शिकवितों तेव्हां त्यांत सौंदर्याचा विचार नसतो. ती एक शिस्त असते आणि ती जन्मभर उपयोगी पडते. त्वचेची निगाही त्याच वर्गांत घालावी. तिला वेळ दोन्ही वेळचा मिळून दहा मिनिटें लागतो, आणि खर्च आपल्या ऐपतींत बसतो. तेवढ्यानें घरांतील एका माणसाची चुरचुर थांबली, किंवा शेवटच्या बांकावर जाऊन बसलेला एखादा मुलगा पुन्हां पुढें येऊन बसला, तर हे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन.